पोस्टकार्डावरचा डाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवर बुद्धिबळाचा डाव सांगायचा म्हणजे तशी पंचाईतच. क्रिकेटचं धावतं वर्णन करता येतं, कुस्तीचंही करता येतं. पण चौसष्ट घरं आणि बत्तीस मोहरी नुसत्या शब्दांनी मांडायची म्हणजे ऐकणाऱ्याच्या चिकाटीची परीक्षाच. तरीही आज एकच डाव सांगायचं ठरवलं आहे. धीर एवढ्याचसाठी आला, की हा डाव ज्या दोघांनी खेळला तेही एकमेकांच्या समोर बसलेले नव्हते. एक जण मॉस्कोत, दुसरा अमेरिकेत. मध्ये अटलांटिक महासागर, शीतयुद्ध आणि दोन देशांची टपालखाती.

पत्रानं खेळलेला हा डाव आहे. पांढरी मोहरी याकोव्ह एस्ट्रिनकडे, काळी हान्स बर्लिनरकडे. स्पर्धा होती पाचव्या जागतिक पत्र-बुद्धिबळ अजिंक्यपदाची आणि ती चालली १९६५ ते १९६८. अमेरिकन ग्रँडमास्टर अँड्र्यू सोल्टिस यांनी पुढे विसाव्या शतकातले शंभर सर्वोत्तम डाव निवडून त्यांची क्रमवारी लावली. त्या यादीत फिशर आहे, कास्पारोव्ह आहे, ताल आहे. पण पहिला क्रमांक सोल्टिस यांनी दिला तो या टपालातल्या डावाला. यादी म्हटली की वाद आलाच, तो बाजूला ठेवू. पण पोस्टकार्डावरचा डाव तिथवर पोचला कसा, हे बघण्यासारखं आहे.

पत्राने बुद्धिबळ ही काही त्या काळातली टूम नव्हे. लंडन आणि एडिंबरा या शहरांच्या क्लबांमध्ये १८२४ ते १८२८ असा सामना पत्रांनी झाला. 'स्कॉच' नावाची सुरुवात आज आपण ज्या नावाने ओळखतो ते नाव त्या सामन्याचीच देणगी. आपल्याकडे १८२८ साली मद्रास आणि हैदराबाद यांच्यातही पत्राने डाव झाले होते, आणि ते पुढच्याच वर्षी मद्रासेत पुस्तकात छापलेही गेले. म्हणजे रेल्वे येण्याआधी, तारायंत्र येण्याआधी आपल्या देशात ही हौस होती.

खेळायची रीत सोपी. आपली खेळी कार्डावर लिहायची, कार्ड पेटीत टाकायचं, उत्तराची वाट बघायची. भाषेची अडचण येऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय पत्र-बुद्धिबळात नुसते आकडे लिहितात. पटाच्या आठ उभ्या ओळींना डावीकडून एक ते आठ आकडे, आडव्या ओळींनाही खालून वर एक ते आठ. मोहरं कुठल्या घरातून उचललं आणि कुठल्या घरात ठेवलं, एवढंच चार आकड्यांत सांगायचं. राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, तर कार्डावर येतं ५२५४. रशियन असो, अमेरिकन असो, की आपला सांगलीकर, सगळ्यांना ते सारखंच कळतं. वेळेचा नियम साधारण असा, की दहा खेळ्यांना तीस दिवस, आणि कार्ड टपालात असेल ते दिवस मोजायचे नाहीत. पुस्तकं बघायला पूर्ण मुभा. दुसऱ्या कुणाला विचारायचं मात्र नाही. ते ज्याच्या त्याच्या सचोटीवर सोडलेलं.

या पुस्तकांच्या मुभेतच आपल्या डावाची खरी गंमत आहे. समोरासमोरच्या खेळात एखाद्याला एखादी सुरुवात जास्त पाठ असते, दुसऱ्याला कमी. पत्राच्या खेळात दोघांसमोर तीच पुस्तकं उघडी असतात. आणि इथे तर प्रतिस्पर्धी एस्ट्रिन. 'टू नाइट्स डिफेन्स', म्हणजे दोन घोड्यांचा बचाव, या सुरुवातीचा तो जगातला एक अव्वल जाणकार. त्याच सुरुवातीवर त्याचा स्वतंत्र ग्रंथ आहे. अशा माणसाविरुद्ध काळी मोहरी घेऊन शहाण्यानं दुसरी कुठलीही सुरुवात निवडावी. बर्लिनरनं नेमकी तीच निवडली. मालकाच्याच घरात जाऊन मालकाशी झगडा मांडला म्हणा ना.

हा बर्लिनर कोण? जन्म १९२९ चा, बर्लिन शहरातलाच. नाझी राजवटीत १९३७ साली त्याचं कुटुंब देश सोडून अमेरिकेत आलं. बुद्धिबळ तो शिकला ते वयाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे या खेळात उशिराच म्हणायचं. समोरासमोरच्या खेळातही तो चांगला होता. पण त्याची खरी जात होती ती पत्राच्या खेळातली. एकेका खेळीवर दिवसच्या दिवस घालवण्याची त्याची तयारी असे. या अंतिम स्पर्धेत त्याच्या वाट्याला सोळा डाव होते, आणि ते एकाच वेळी सुरू. सोळा पट, सोळा प्रतिस्पर्धी, येणारी-जाणारी कार्डं.

आता पट डोळ्यांसमोर आणा. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं, काळ्यानंही तेच केलं. पांढरा घोडा बाहेर येऊन त्या काळ्या प्याद्यावर नजर लावून बसला, काळ्याच्या घोड्यानं त्याला राखलं. मग पांढरा उंट सी ४ घरात आला. तिथून त्याचा तिरपा मार्ग थेट एफ ७ घरापर्यंत जातो. हे एफ ७ घर लक्षात ठेवा. काळ्या राजाशेजारचं ते प्यादं; सुरुवातीला त्याला राखणारा एकटा राजाच. ते राखायचं सोडून काळा आपला दुसरा घोडा बाहेर काढतो आणि उलट पांढऱ्याच्याच प्याद्यावर चाल करतो. हाच दोन घोड्यांचा बचाव. नाव बचावाचं आहे खरं, पण स्वभाव भांडखोर. सोळाव्या शतकात इटलीतल्या पोलेरिओने याचा अभ्यास केलेला आहे, इतका तो जुना.

चौथ्या खेळीला एस्ट्रिनचा घोडा जी ५ घरात उडी मारून गेला. आता एफ ७ वर उंट आणि घोडा असे दोघे टपले. ही खेळी तशी बदनाम आहे. एकच मोहरं डावाच्या सुरुवातीला दोनदा हलवायचं, तेही एका प्याद्यासाठी! जर्मन पंडित टाराश यांनी तिची अडाणी माणसाची खेळी म्हणून टिंगल केली होती. गंमत अशी, की टिंगल करूनही तिचं उत्तर सोपं नाही. काळ्यानं मधलं प्यादं पुढे टाकून उंटाची वाट अडवायची, पांढऱ्यानं ते प्यादं मारायचं, इथपर्यंत सगळं सरळ. त्यानंतर काळ्यानं घोड्यानं ते प्यादं परत मारलं, तर पांढरा घोडा सरळ एफ ७ वर झेप घेतो आणि काळ्या राजाला पटाच्या मध्यावर ओढून आणतो. या हल्ल्याला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ होतो तळलेली कलेजी. काळ्याची अवस्था पाहता नाव चपखल आहे.

म्हणून नेहमीचं रूढ उत्तर म्हणजे घोडा बाजूला काढून पांढऱ्या उंटाला हुसकावणं. बर्लिनरनं ते केलं नाही. त्यानं बी ओळीतलं प्यादं दोन घरं टाकून उंटापुढे ठेवलं. यावर पांढऱ्याचं उत्तम उत्तर फार विचित्र आहे: उंट गपचूप मागे, आपल्या मूळच्या घरात न्यायचा! कारण उंटानं ते प्यादं खाल्लं, तर काळा वजीर मध्यावर येतो आणि त्या उंटावर व पांढऱ्याच्या जी २ प्याद्यावर एकदमच चालून जातो. उंट घरीच असला म्हणजे जी २ राखलेलं राहतं. एस्ट्रिनला हे अर्थातच ठाऊक होतं. त्याचा उंट मुकाट्यानं घरी गेला.

यानंतरच्या चार-पाच कार्डांत पट पेटला. काळ्याचा एक घोडा शत्रूच्या मुलखात डी ४ वर, दुसऱ्यानं मधलं प्यादं टिपलेलं, वजीर एच ४ वर, उंट जी ४ वर. पांढऱ्याचा घोडा इकडून तिकडे पळतो आहे. नववी खेळी झाली तेव्हा पांढऱ्यानं त्या एका घोड्याच्या चार खेळ्या केल्या होत्या आणि बाकीचं सैन्य छावणीत झोपलेलं. दहाव्या खेळीला एस्ट्रिननं एफ ओळीतलं प्यादं एक घर पुढे करून काळ्या उंटाला विचारलं, जातोस की मरतोस? डी ४ वरचा घोडाही दुसऱ्या प्याद्याच्या तोंडाशी होता. म्हणजे काळ्याची दोन मोहरी एकाच वेळी संकटात.

बर्लिनरनं दोन्हींना हात लावला नाही. त्यानं आपलं मधलं प्यादं एक घर पुढे सरकवलं. घोडा जाऊ दे, उंटही जायचा तर जाऊ दे. त्या प्याद्याच्या सरकण्यानं त्याच्या दुसऱ्या उंटाला डी ६ घरातून पांढऱ्या राजाच्या बाजूचा रस्ता मोकळा झाला. एस्ट्रिननं घोडा मारला. बर्लिनरचा उंट डी ६ वर आला. एस्ट्रिननं बी ओळीतलं ते जुनं प्यादं आता मारून शह दिला. काळा राजा एक घर बाजूला झाला, म्हणजे त्याचा किल्लेकोट कायमचा गेला. एका घोड्यानं मागे, प्याद्यानं मागे, राजा उघड्यावर. समोरासमोरच्या डावात घड्याळाची टिकटिक ऐकत हे करणं म्हणजे जुगार झाला असता. इथे घड्याळ नव्हतं, कॅलेंडर होतं. आणि बर्लिनरनं ही वाट डाव सुरू होण्याआधी घरी शोधून ठेवली होती. एस्ट्रिनच्या ग्रंथविद्येच्या हद्दीबाहेर त्याला न्यायचं, हाच बेत.

मला स्वतःला यातली सगळ्यात जास्त आवडते ती चौदावी खेळी. हल्ला चढवलेला आहे, पांढऱ्याचा हत्ती मारायला समोर उभा आहे, आणि अशा वेळी बर्लिनर आपला कोपऱ्यातला हत्ती फक्त एक घर बाजूला करतो, ए ८ वरून बी ८ वर. शह नाही, मारामारी नाही. वर वर पाहता तो पांढऱ्या उंटाला हटकतो एवढंच. पण चार खेळ्यांनी हाच हत्ती बी ६ वर चढला, तेव्हा त्याचा बेत उघड झाला. तिथून तो सहाव्या आडव्या ओळीतून थेट एच ६ वर जाऊन पांढऱ्या राजाला शह देणार होता. पटाच्या एका टोकाचा हत्ती दुसऱ्या टोकाच्या राजासाठी निघाला होता. तोवर पांढऱ्याचा एक हत्ती काळ्यानं उंटाच्या मोबदल्यात घेतला होता, आणि पांढऱ्याचा दुसरा हत्ती, घोडा आणि उंट अजून आपापल्या मूळ घरातच होते.

एस्ट्रिन काही कच्चा खेळाडू नव्हता. त्यानं मधलं प्यादं हलवून आपल्या उंटासाठी एच ६ घरावर पहारा उघडला. बर्लिनरनं लगेच उरलेला घोडाही ई ३ वर नेऊन मारायला दिला. त्या घोड्यानं पहारेकऱ्याची वाट अडवली आणि पांढऱ्या वजिरावरही हल्ला केला. घेतल्यावाचून गत्यंतर नव्हतं. मग पांढऱ्यानं आपला शेवटचा उंट राजापुढे ढालीसारखा धरला, तर काळ्याची एच आणि जी ओळींतली प्यादी दौडत आली. एस्ट्रिनच्या घोड्यानं वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम चाल केली, ती या डावातली त्याची सर्वात देखणी खेळी. बर्लिनरनं हत्ती जाऊ दिला, उंट घेतला. धूळ खाली बसली तेव्हा वजिरावजिरी झालेली होती. पटावर उरलं होतं ते इतकंच: दोघांचा एकेक हत्ती, पांढऱ्याची तीन प्यादी आणि काळ्याची चार.

एवढा गदारोळ करून फायदा किती, तर एक प्यादं. आणि हत्तींचे अंतिम डाव एका प्याद्याच्या आघाडीने जिंकणं किती अवघड, हे कुठल्याही क्लबातला खेळाडू सांगेल. पुष्कळदा ते बरोबरीतच निसटतात. लोकांना बलिदानं लक्षात राहतात. माझ्या मते हा डाव इथून पुढे मोठा होतो.

एकतिसाव्या खेळीची स्थिती अशी. एस्ट्रिनचा हत्ती एफ १ वर येऊन काळ्याच्या एफ ७ प्याद्यावर नेम धरतो. तेच एफ ७, ज्यासाठी चौथ्या खेळीला एवढं महाभारत सुरू झालं. एका प्याद्याची आघाडी, तेच प्यादं मारलं जाणार. कोणीही ते राखेल. हत्ती मागे नेऊन राखता येतं. पण मग तो हत्ती तिथे राखणदार म्हणून अडकून पडतो आणि पांढरा सुटतो.

बर्लिनरनं कार्डावर लिहिलं असेल ते इतकंच: ८८३८. हत्ती एच ८ वरून सी ८ वर. एफ ७ चं प्यादं, घ्या खुशाल. एस्ट्रिननं घेतलं. काळा हत्ती सी ७ वर आला आणि त्यानं पांढऱ्या हत्तीला विचारलं, मारामारी करायची? आता प्यादी सारखी, तीन-तीन. हत्ती मारले गेले तर उरतात राजे आणि प्यादी. काळ्याचं एक प्यादं लांब एच ५ वर एकटं उभं आहे. पांढरा राजा ते मारायला गेला, तर काळा राजा पटाच्या दुसऱ्या बाजूला पांढऱ्याची सगळी प्यादी वेचतो. न गेला, तर ते पुढे पळतं. त्यामुळे एस्ट्रिनला मारामारी परवडत नव्हती. त्यानं हत्ती मागे घेतला. काळा राजा मात्र निघाला: ई ५, डी ४, डी ३ वरचं प्यादं खाल्लं, सी २. जो राजा बाराव्या खेळीपासून उघड्यावर पडला होता, तोच आता शत्रूच्या मुलखातला सर्वात कामाचा शिपाई झाला. एच ५ चं ते दूरचं प्यादं शेवटपर्यंत हललं नाही. पण चाळिसाव्या खेळीला काळ्या हत्तीनं जी ४ वर येऊन शह दिला, तेव्हा त्याला पाठीशी राखणारं तेच प्यादं होतं. बेचाळिसाव्या खेळीला काळ्याचं बी ओळीतलं प्यादं तिसऱ्या ओळीत पोचलं आणि एस्ट्रिननं डाव सोडला.

बर्लिनरनं ती स्पर्धा सोळापैकी चौदा गुणांनी जिंकली. बारा विजय, चार बरोबरी, पराभव एकही नाही. दुसऱ्या क्रमांकावरच्यांपेक्षा तीन गुण पुढे. एस्ट्रिननंही हार मानली नाही. १९७२ ते १९७६ या काळातल्या स्पर्धेत तो स्वतः जागतिक पत्र-बुद्धिबळ विजेता झाला.

पुढची गोष्ट मला अधिक चटका लावते. बर्लिनर संगणकशास्त्रज्ञ झाला. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यानं यंत्राला बुद्धिबळ शिकवण्यात आयुष्य घातलं. त्याच्या एका आज्ञावलीनं १९७९ साली बॅकगॅमन या फाशांच्या खेळात त्या वेळच्या जगज्जेत्याला हरवलं. 'हायटेक' हे त्याचं बुद्धिबळाचं यंत्र १९८८ मध्ये ग्रँडमास्टर अर्नोल्ड डेंकरकडून सामना जिंकलं. यंत्रं कुठे चुकतात याला त्यानं एक नाव दिलं, ते आजही वापरात आहे: क्षितिज परिणाम. यंत्र ठरावीक खेळ्यांपुढे बघत नाही. त्या मर्यादेपलीकडे उभं असलेलं संकट त्याला दिसत नाही, म्हणून ते छोटी छोटी बलिदानं करून संकट नुसतं पुढे ढकलतं आणि टळलं असं समजतं. हे ज्या माणसाला सुचलं, त्यानं कधीकाळी एका हत्तीला एक घर सरकवताना चार खेळ्यांपलीकडे बघितलं होतं.

यंत्रं सुधारली. त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या चमूच्या कामातून 'डीप ब्लू' आलं आणि १९९७ साली कास्पारोव्ह हरला. आज हातातला फोनही ग्रँडमास्टरला हरवतो, आणि तो आता सांगतो की बर्लिनरची ती दहावी खेळी बरोबर नव्हती. पांढऱ्याकडे पुढे अधिक चांगल्या वाटा होत्या. एस्ट्रिनला त्या पोस्टकार्डाच्या मुदतीत सापडल्या नाहीत. बर्लिनरनं मात्र पुढे एक पुस्तिका लिहिली, जिच्या नावाचा अर्थच असा, की पांढऱ्याच्या चौथ्या खेळीतल्या त्या घोड्याच्या उडीची आता मृत्युशय्या अंथरली आहे. बर्लिनर २०१७ साली गेला. घोड्याची ती उडी मात्र ठणठणीत आहे. आजही मोठ्या स्पर्धांमध्ये खेळली जाते.

पत्राचं बुद्धिबळ आता इंटरनेटवर चालतं आणि संगणकाची मदत घेण्याला परवानगी आहे. त्यामुळे वरच्या पातळीवरचे बहुतेक सगळे डाव बरोबरीत सुटतात. ज्याला पाहिजे त्यानं याला प्रगती म्हणावं. मला त्या कार्डांची आठवण जास्त येते, जी मी पाहिलेलीही नाहीत.

घरात पट असेल तर तो अंतिम डाव मांडून बघा. पांढरा राजा जी २ वर, हत्ती एफ १ वर, प्यादी ए २, बी २ आणि डी ३ वर. काळा राजा डी ६ वर, हत्ती एच ८ वर, प्यादी ए ७, बी ६, एफ ७ आणि एच ५ वर. खेळी काळ्याची आहे.